जळका बोर्ड

अमरावतीत माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. मागच्या गोडाउनात बॅटऱ्या कमी आणि व्हिडिओ गेमचे जुने डबे जास्त. डबे म्हणजे मोबाइलवरचं काही नाही. माणसाएवढा उभा प्लायवूडचा सांगाडा, वर काच, काचेमागं टीव्हीची पिक्चर ट्यूब, खाली दांडी न् सहा बटणं, आणि पोटाशी नाणं टाकायची फट. एक परतवाड्याहून आणला, एक यवतमाळहून, दोन नागपूरचे. पाचवा बार्शीटाकळीचा, आणि त्याचंच सांगायचं आहे.

"लोकं पैसे घेऊन भंगार देतेत, तुमी पैसे देऊन घरी आणता," बायको म्हणते. प्रतीक्षा तिचं नाव. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही, पण बाकीच्यांवर चिडतो. आमचा एक ग्रुप आहे फोनवर, डबे जमवणाऱ्यांचा. त्यात पुण्याच्या एकानं विचारलं, "तुमच्या विदर्भात होते का हो हे गेम?" मी लिहिलं, "नाई बाप्पा, आमी झाडावर राहत होतो." वर फोटो टाकला परतवाड्याच्या डब्याचा. आमच्याकडचे डबे बाहेरून आलेले नाहीत. फक्त आतला बोर्ड नागपूरहून यायचा. बाकी सगळं आमच्या सुतारानं, जो कपाटं करायचा त्यानंच केलेलं. सनमायका ओट्याचा. बाजूला चित्र काढणारा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवणारा, म्हणून गेममधल्या मारामारी करणाऱ्या परदेशी गड्याला त्यानं झुपकेदार मिशा दिलेल्या. असला माल पुण्यात कुठून येणार?

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या चंद्रभानचा फोन आला. त्याचा भंगाराचा धंदा आहे, जुना डबा कुठं दिसला की मला कळवतो. म्हणाला, "गोपालभाऊ, बार्शीटाकळीत एक हाय. बसस्टँडजवळ भाजीचं दुकान होतं ना गोवर्धनभाऊचं, त्यांच्या घरी. बोर्ड जळका हाय म्हणते, पण डबा एकदम साबूत. म्हातारा आता विकतो म्हणून राहिला."

मी खुर्चीत बसलो. बार्शीटाकळी माझं गाव. तो डबा मी ओळखत होतो. आणि तो बोर्ड कोणी जाळला हेही मला माहीत होतं, कारण तो मी जाळला होता.

सत्त्याण्णवचा उन्हाळा. मी बारा वर्षांचा. गोवर्धनभाऊच्या दुकानात अर्ध्यात भाजी न् अर्ध्यात डबा. एकीकडं वांगे तोलणं चालू, दुसरीकडं आमची पोट्ट्यांची गर्दी. एक रुपया टाकला की एक डाव. रुपया रोज कोण देणार? मग कोणीतरी अकोल्याहून युक्ती घेऊन आला. गॅस पेटवायचा लायटर असतो ना, टिक-टिक करणारा, तो फटीपाशी धरून दाबला की ठिणगी आतल्या तारेत जाते आणि मशीनला वाटते नाणं पडलं. आमच्या घरी नुकताच गॅस आला होता. आईचा नवाकोरा लायटर मी चड्डीच्या खिशात घालून नेत होतो. आठ-दहा दिवस फुकट खेळलो. काय मजा आली सांगू!

मग एका दुपारी दोन-तीनदा टिक करूनही डाव मिळेना. मला राग आला. मी लायटर सरळ फटीच्या स्क्रूला टेकवला आणि दाबत राहिलो. पडद्यावर उभ्या रेघा आल्या, मग पडदा काळा झाला आणि मागून जळाल्याचा वास सुटला. मी लायटर खिशात घातला आणि बाहेर निघून आलो.

संध्याकाळी आईनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला त्याच दुकानात पाठवलं. जाऊन पाहतो तर दुकानासमोर माणसं जमलेली. गोवर्धनभाऊनं आपल्या धाकट्या भावाला, श्यामला, भर बाजारात कानाखाली मारली होती. श्यामभाऊ तेव्हा चोवीसचा. आयटीआयला टीव्ही दुरुस्ती शिकलेला, डब्याचं सगळं तोच पाहायचा. चित्र हलत होतं म्हणून त्यानं त्याच दिवशी सकाळी डबा उघडला होता. "हात लावू नको म्हणलं होतं ना?" गोवर्धनभाऊ ओरडून राहिले होते. "बायकोच्या पाटल्या मोडल्या म्या याच्यासाठी! जाळून टाकला ना?" श्यामभाऊ एवढंच म्हणाला, "आईची आण दादा, म्या सकाळी चालू करून देल्ला होता. म्या नाई जाळला." गोवर्धनभाऊ म्हणाले, "आईले मधात नोको आनू. खोटारड्या." मी गर्दीत उभा होतो. सांबाराचे पैसे मुठीत होते आणि तोंडातून शब्द निघाला नाही.

आठ दिवसांत श्यामभाऊ ट्रंक घेऊन अकोल्याला गेला, तो गेलाच. लहानपणीच बाप मेलेला, गोवर्धनभाऊनंच त्याला वाढवलेलं, अठरा वर्षांनी मोठे. चार वर्षांनी त्यांची आई, पार्बताबाई, वारली तेव्हा श्यामभाऊ आला. खांदा दिला, पण दहाव्याला भावाशेजारी न बसता डोकं दुसऱ्या न्हाव्याकडून करून घेतलं आणि जेवण न करता परत गेला. गावात सगळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा सोळाचा होतो, सगळं समजत होतं. तरी मी मनाला सांगत राहिलो, गोपाल, व्होल्टेज वाढलं असेल, त्या उन्हाळ्यात लाइन कशीही यायची. असं सांगत सांगत मी चाळिशीला आलो.

आणि खरं सांगतो, चंद्रभानचा फोन आला तेव्हा मला आधी श्यामभाऊ आठवला नाही. आधी तो डबा आठवला. मी आयुष्यात पहिल्यांदा ज्या डब्यावर हात ठेवला तो डबा, साबूत! जमवणाऱ्या माणसाची जात अशी मेली हलकट असते.

दुसऱ्या दिवशी मालवाहू टेम्पो करून गेलो. गोवर्धनभाऊ सत्तरीचे झाले होते, छातीचं ऑपरेशन झालेलं, एकटेच होते; काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनी मला ओळखलं. "अबे, तू तर गुरुजीचा गोपाल! केवढा झाला!" त्यांनी मागच्या खोलीत नेलं. कांद्याच्या पोत्यांमागं डबा उभा. बाजूला गड्याच्या मिशा जशाच्या तशा. मी हात फिरवला आणि माझे डोळे भरून आले, लाज वाटते सांगायला, पण आले.

सोबत पेचकस होता. मागचं दार उघडलं, बॅटरी मारली. नाण्याची तार जिथं बोर्डात शिरते तिथली पहिलीच चिप फुटलेली, भोवती काळा डाग. बाकी बोर्ड स्वच्छ. व्होल्टेजनं जळला असता तर पॉवरकडचा भाग गेला असता. श्यामभाऊनं चित्र नीट करताना बिघडवला असता तर चित्राकडचा भाग गेला असता. फक्त नाण्याची तार. अठ्ठावीस वर्षं जे मनाला सांगत होतो ते तिथंच संपलं.

"माह्या भावानं जाळलं ते," मागून गोवर्धनभाऊ म्हणाले.

मी दार लावून घेतलं. म्हटलं, "इतके दिवस ठेवला कावून मंग? तवाच विकून टाकायचा."

ते पोत्यावर बसले. "त्याच्यासाठी ठेवला," म्हणाले. "म्हणलं, एक ना एक दिवस येईन. आला का त्याले याच्यासमोर उभा करीन आन् म्हणीन, श्याम, कबूल कर. एवढंच. जाळला तर जाळला, वस्तूच हाय. पन खोटं बोलला, तेही आईची आण घेऊन. त्यानं तोंडानं म्हणलं का, दादा चुकलो, मंग काही नाई. घर त्याचंच हाय." थोडं थांबून म्हणाले, "आता डॉक्टरनं सांगतलं, जपून राहा. तो काही येत नाई. नेऊन टाक तू."

माणूस अठ्ठावीस वर्षं एका चुकीच्या कबुलीची वाट पाहत बसला होता आणि खरी कबुली त्याच्यासमोर पेचकस घेऊन उभी होती. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण टेम्पोवाला बाहेर हॉर्न मारत होता. आणि मनात, मनात मी म्हणत होतो, आत्ता सांगितलं तर म्हातारा डबा देणार नाही. आधी डबा नेऊ, मग पुढच्या वेळी येऊन शांतपणे सांगू. त्यांनी जो भाव सांगितला तो मी मुकाट दिला. गोवर्धनभाऊ फाटकाशी उभे राहून म्हणाले, "जपून ने रे बाबू."

गोडाउनात आणला. दुसऱ्या एका मेलेल्या बोर्डावरची चिप काढून या बोर्डावर बसवली, जळलेल्या रेघा तारेनं जोडल्या, ट्यूबवरची अठ्ठावीस वर्षांची धूळ झाडली. महिना गेला. एका रविवारी सकाळी बटण दाबलं न् पहिल्या झटक्यात चालू झाला. रंग, आवाज, सगळं. ग्रुपवर व्हिडिओ टाकला असता तर पुणेवाले गार झाले असते. मी टाकला नाही. स्टूलावर बसून राहिलो.

प्रतीक्षा चहा घेऊन आली. "चालू झाला ना? मंग असं मयतीत बसल्यावानी कावून बसले?"

मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला चौदा वर्षं झाली, हे कधी सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"आन् तुमी डबा घेऊन आले?" ती म्हणाली. "त्या माणसाच्या तोंडून हे ऐकून? डबा घेऊन आले?"

"सांगणारच होतो."

"कवा? तो मेल्यावर? छातीचं ऑपरेशन झालेला माणूस हाय तो! उठा. चहा पिऊ नोका. आत्ता जा."

मी तिच्यावर चिडलो, आवाज चढवला, किल्ली आपटली, आणि तीच किल्ली उचलून निघालो. ती खरं बोलत होती.

अमरावतीहून बार्शीटाकळी दोन-अडीच तास. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. पोहोचलो तेव्हा गोवर्धनभाऊ ओसरीत पालेभाजी निवडत बसले होते. जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "काका, तो बोर्ड श्यामभाऊनं नाई जाळला. म्या जाळला. लायटरनं." मग लायटर काय, ठिणगी काय, फुटलेली चिप कुठली, सगळं भडाभडा सांगितलं.

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. मला वाटलं मारतील. मारावं असंच वाटत होतं.

"किती वर्साचा होता तू?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"हं." त्यांनी जुडी खाली ठेवली. छातीवर हात गेला तसा मी घाबरलो, पण त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं. आत गेले, टोपी घातली, पायात चपला सरकवल्या. "गाडी आनली ना? चाल. जठारपेठेत दुकान हाय त्याचं. मले माहीत हाय कुठं हाय ते."

अकोला तिथून अर्धा तास. गाडीत ते एकदाच बोलले. "त्यानं आईची आण घेतली होती रे. आन् म्या म्हणलं, आईले मधात नोको आनू." मी रस्त्याकडं पाहत गाडी चालवत राहिलो.

जठारपेठेत एका गल्लीत मिक्सर, पंखे, मोटारी दुरुस्तीचं दुकान. बाहेर दोन पायऱ्या. काउंटरवर वीस-एकवीसची मुलगी बसलेली, वहीत काही लिहीत होती. गोवर्धनभाऊ पायरीवर थांबले.

"काय दुरुस्तीले आनलं काका?" तिनं विचारलं.

गोवर्धनभाऊ तिच्याकडं पाहत राहिले. नाक अगदी पार्बताबाईचं. "तू अपेक्षा ना?" ते म्हणाले. ती गोंधळली. सख्ख्या मोठ्या बाबांना तिनं ओळखलं नाही. कधी पाहिलेलंच नव्हतं.

आतून श्यामभाऊ आला. केस पिकलेले, हातात तांब्याच्या तारेचं रीळ. भावाला पाहून त्यानं रीळ टेबलावर ठेवलं. "बस," म्हणाला आणि स्टूल पुढं सरकवलं. मग मुलीला म्हणाला, "अपेक्षा, पानी आन." ती आत गेली.

गोवर्धनभाऊ बसले नाहीत. "हा गुरुजीचा गोपाल," म्हणाले. "सांग रे याले."

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल वाटलं होतं, तर उलट जीभच वळेना. मान खाली घालून बोललो. शेवटी म्हणालो, "म्या तवाच बोलायला पाहिजे होतं, श्यामभाऊ. तुमचं घर माह्यामुळं सुटलं."

श्यामभाऊनं ऐकून घेतलं. त्याला काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "माहीत हाय मले," तो म्हणाला.

"काय माहीत हाय?" गोवर्धनभाऊंनी विचारलं.

"यानं जाळला ते. त्या दिवशी दुपारी हा पोट्टा दुकानातून निघाला तवा मी समोरच्या टपरीवर होतो. चड्डीच्या खिशातून लायटर अर्धा बाहेर आलता. मंग आत येऊन पाह्यतो तं वास. समजलं मले."

मी मान वर केली. अठ्ठावीस वर्षं मी ज्या माणसापासून तोंड लपवत होतो त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि भर बाजारात मार खाऊनही त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं.

"मंग सांगतलं कावून नाई?" गोवर्धनभाऊंचा आवाज चढला, अगदी त्या दिवसासारखा. "एक शब्द बोलला असता! एवढे वर्सं! आई मेली वाट पाहून पाहून! तोंड शिवलं होतं का तुह्यं?"

"तुह्या हाती देऊ का बारा वर्साचं पोट्टं? तू मारून टाकलं असतं त्याले. तुह्या डोक्यात पाटल्या होत्या." श्यामभाऊ शांतपणे बोलत होता. "आन् दादा, मी बोललो होतो. म्या नाई जाळला, असं म्हणलं होतं म्या. चार माणसांसमोर म्हणलं होतं, आईची आण घेऊन म्हणलं होतं. याच्यावर आखीन काय सांगायचं राह्यतं?"

गोवर्धनभाऊंनी स्टूलावर हात टेकला.

"बाप मेला तवा मी सहा वर्साचा. तूच माहा बाप. तुले माहीत नव्हतं मी खोटं बोलत नाई ते? म्या मनाशी ठरवलं, साक्षीदार आनूनच जर माह्या भावाले माहा शब्द खरा वाटणार असन, तं मले तो शब्दही नोको आन् ते घरही नोको. आज आला तू. पन याले घेऊन आला. यानं सांगतलं म्हणून आला."

पाण्याचा ग्लास घेऊन अपेक्षा आतल्या दारात उभी होती. ती पुढं आली नाही.

गोवर्धनभाऊंनी टोपी काढली. "चुकलो मी, श्याम," म्हणाले. जे वाक्य ऐकायला ते अठ्ठावीस वर्षं थांबले होते, ते त्यांनाच म्हणावं लागलं. "तुह्यं घर तसंच ठेवलं हाय. मागची खोली..."

"माहं घर हे हाय, दादा."

गोवर्धनभाऊ हळूच स्टूलावर बसले, भिंतीला टेकले आणि रडू लागले. आवाज न करता, टोपी तोंडावर धरून. श्यामभाऊ उभाच होता. त्याचा एक हात पुढं आला आणि टेबलावरच थांबला. अपेक्षानं येऊन ग्लास म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि त्याच्या हातावर आपला हात तसाच राहू दिला.

मला तिथं उभं राहवेना. म्हणालो, "श्यामभाऊ, डबा आनून देतो तुमचा. चालू केला म्या. तुमच्याच घरचा हाय."

"काय करायचा आमाले तो? तुह्याजवळच राहू दे," तो म्हणाला. मग माझ्यासोबत पायऱ्यांपर्यंत आला. "तू जाय आता. याले संध्याकाळी मी सोडून येईन."

"घरी?"

"फाटकापर्यंत," तो म्हणाला.

मी हात जोडले. "मले माफ करा, भाऊ."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता, आणि ते पाहूनच मला जास्त लागलं. "तुले मी त्याच दिवशी माफ केलं होतं," तो म्हणाला. "तू लहान होता. हा मोठा होता." आणि वळून आत गेला.